मोटारी टाळून फ्रान्सच्या खेड्यांतून: सायकलचा मार्ग स्वतः कसा जुळवायचा

ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणाऱ्या आपल्याकडच्या सायकलस्वारांना फ्रान्स म्हटलं की आधी पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस आठवते. दर चार वर्षांनी ऑगस्टात होणारी, १,२०० किलोमीटरची, बहुतेकांना ९० तासांत संपवावी लागणारी. पुण्या-मुंबईची, नाशिकची मंडळी जातात, रात्रीचा दिवस करतात आणि पायांची सूज उतरायच्या आत परतीच्या विमानात बसतात. शेंगेन व्हिसाचे सोपस्कार करून, सायकल खोक्यात कोंबून इतक्या लांब गेलाच आहात, तर आणखी चार दिवस काढा आणि घड्याळाकडे न बघता तिथल्या खेड्यांतून फिरा. हा लेख त्या चार दिवसांसाठी आहे. ब्रेवे केलेली नसेल तरी काही बिघडत नाही.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो असा: मोटारी अजिबात नसलेला रस्ता मिळतो का? मिळतो, आणि शेकडो किलोमीटर मिळतो. पण शंभर टक्के मोटारमुक्त मार्गाचाच हट्ट धरलात तर रोड सायकलची मजा निम्मी होते, असं माझं मत आहे. खरी मजा जोडकामात आहे. थोडी हिरवी वाट, थोडे दिवसाकाठी मोजक्या गाड्या जाणारे गावरस्ते, मध्येच कालव्याचा काठ. आजीने जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवावी तसा हा मार्ग स्वतः शिवावा लागतो.

आधी तीन शब्द ओळखा

व्वा व्हेर्त म्हणजे शब्दशः हिरवी वाट. इथे मोटारींना बंदी असते. चालणारे, सायकलवाले, स्केट्सवाले, काही ठिकाणी घोडेस्वार एवढेच. २००४ पासून फ्रान्सच्या वाहतूक नियमांत तिला स्वतंत्र स्थान आहे. निळी चौकोनी पाटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात पादचारी आणि सायकल दिसली की तुम्ही हिरव्या वाटेवर आलात. तीच पाटी तांबड्या तिरप्या रेघेने खोडलेली दिसली की वाट संपली, पुढे गाड्या येणार.

व्हेलोरूत हा फसवा शब्द आहे. तो लांब पल्ल्याचा, पाट्या लावलेला सायकलमार्ग असतो, पण तो मोटारमुक्त असेलच असं नाही. त्यात हिरव्या वाटा असतात, तसे गाड्या जाणारे छोटे रस्तेही असतात. पांढऱ्या पाटीवर हिरवी सायकल आणि हिरवी अक्षरं ही त्याची खूण. माहितीपत्रकात व्हेलोरूत असं वाचून लहान मुलांना घेऊन निघालात, तर एखाद्या वळणावर समोरून ट्रॅक्टर येईल.

पिस्त सिक्लाब्ल म्हणजे शहरातली सायकलची पट्टी. आपल्याला ती स्टेशनातून गावाबाहेर पडेपर्यंतच लागते.

या हिरव्या वाटा आल्या कुठून हे माहीत असलं तर त्यांचा स्वभावही कळतो. १८७९ मध्ये सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या योजनेतून देशभर छोट्या रेल्वेमार्गांचं जाळं विणायचं ठरलं. त्याच सुमारास कालव्यांच्या जलपाशांचं, म्हणजे बोटी वरखाली करणाऱ्या दारबंद टाक्यांचं, मापही एकसारखं झालं. विसाव्या शतकात मोटारी आल्या, छोट्या रेल्वेगाड्या तोट्यात गेल्या, रूळ उखडले गेले. उरली ती सपाट, आखीव जमिनीची पट्टी. कालव्यांच्या काठी तर बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी वाट आधीपासूनच होती. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून जुन्या रुळांवरची वाट डोंगराळ भागातही हळूहळूच चढते. चढतोय हे कळतही नाही, फक्त वेग का पडलाय असा संशय येतो.

हिरव्या वाटेचे तोटे कोणी सांगत नाही

रविवारी दुपारी तिथे अख्खं गाव असतं. पायाजवळ सुटं कुत्रं, तीनचाकी चालवणारं पोर, हातात हात घालून चालणारे आजी-आजोबा. ताशी २८ किलोमीटरने जाणाऱ्याने तिथे जाऊ नये आणि गेलाच तर ताशी १५ वर यावं. दुसरं, रस्ता ओलांडण्याच्या प्रत्येक जागी आडवे खांब किंवा नागमोडी अडथळे असतात, आणि बहुतेक ठिकाणी थांबायचं तुम्हालाच असतं. तिसरं, झाडांची मुळं. डांबर फोडून वर आलेली मुळं सावलीत दिसत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पृष्ठभागाचा. माहिती वाचताना दोन शब्द शोधा. आंरोबे म्हणजे डांबरी; पातळ टायरवर निर्धास्त जा. स्ताबिलिझे म्हणजे दाबून बसवलेली बारीक खडी आणि माती. कोरडी असेल तर २८ मिलिमीटरचे टायर निभावतात, पावसानंतर सायकल आणि पाठ दोन्ही पांढऱ्या चिखलाने माखतात. माझा सल्ला ३२ मिलिमीटरचा. वेग फारसा कमी होत नाही आणि निवड दुप्पट होते.

दक्षिणेतल्या कानाल द्यू मिदी या कालव्याचं नाव मोठं आहे, युनेस्कोच्या यादीत १९९६ पासून आहे, म्हणून बरेच जण थेट तिकडे जातात. तुलूजपासून पहिले सुमारे ५० किलोमीटर गुळगुळीत आहेत. त्यापुढे बराच भाग मातीचा आणि मुळांचा आहे, रोड सायकलचं ते काम नाही. शिवाय तिथली प्लेन जातीची हजारो झाडं बुरशीच्या रोगाने तोडावी लागली, त्यामुळे चित्रातली सावली सगळीकडे मिळत नाही. तुलूजहून उलट्या दिशेला, बोर्दोकडे जाणाऱ्या गारोन कालव्याच्या काठची वाट मात्र डांबरी आहे. वाटेत मोआसाकचा मठ, आजँला नदीवरून कालवा नेणारा दगडी पूल. बोर्दोजवळून सोव्हेतेर-द-ग्विएनपर्यंत जाणारी जुन्या रेल्वेची वाट १९३७ च्या तूर द फ्रान्सचा विजेता रोजे लापेबी याच्या नावाने आहे. तीही डांबरी, आणि द्राक्षमळ्यांतून जाणारी. पॅरिसहून दोनच दिवस हातात असतील तर उत्तरेला दिएपजवळची, फोर्ज-लेझ-ओपर्यंतची चाळीसेक किलोमीटरची वाट पुरे.

आता नकाशा: रस्त्याचा आकडा वाचायला शिका

फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० ग्रामपंचायती आहेत, आणि प्रत्येक गाव शेजारच्या चार-पाच गावांशी रस्त्याने जोडलेलं आहे. जिल्हा रस्ते सुमारे ३,८०,००० किलोमीटर, गावरस्ते सुमारे ७,००,००० किलोमीटर. लोकसंख्या साडेसहा-सात कोटी, तीही शहरांत गोळा झालेली. हिशोब सरळ आहे: गाड्या मोजक्या रस्त्यांवर गर्दी करतात आणि बाकीचे ओस पडतात. तुमचं काम फक्त ते बाकीचे रस्ते ओळखण्याचं.

जिल्हा रस्त्याच्या आकड्याआधी डी असतं. डी नंतरचा आकडा ९ ने सुरू होणारा तीन आकडी असेल किंवा एक हजाराच्या वर असेल, तर सावध व्हा. असे बरेच रस्ते पूर्वीचे राष्ट्रीय महामार्ग आहेत. २००६ च्या सुमारास ते जिल्ह्यांकडे गेले आणि आकडे बदलले. ट्रक मात्र जुन्या सवयीने तिथूनच जातात. बरगंडी प्रांतातला डी ९०६ म्हणजे जुना एन ६, पॅरिस–लियों हमरस्ता. साधा तीन आकडी रस्ता, नकाशावर बारीक, वाकडातिकडा आणि दोन टोकांना कुठलंही शहर नसलेला, असा सापडला की तो तुमचा.

मिशलँ (आपल्याकडे मिशेलिन) कंपनीच्या कागदी नकाशात लाल, पिवळे आणि पांढरे रस्ते असतात. पांढरे शोधा. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर देखावा चांगला, पण हिरवी रेघ असलेल्या पिवळ्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्याही येतात, हे लक्षात ठेवा. कागद कशाला, असं म्हणाल. मोबाइलच्या पडद्यावर दोन गावांमधला तिसरा, आडवळणाचा रस्ता दिसत नाही. टेबलावर पसरलेल्या नकाशात तो आपोआप डोळ्यात भरतो.

मग संगणकावर पडताळणी. क्रम असा ठेवा.

हिरव्या वाटांसाठी आधी एएफ३व्ही या संस्थेचा नकाशा बघा. व्हेलोरूत आणि व्वा व्हेर्त यांच्यासाठीच ती संस्था आहे, आणि कुठला तुकडा कशा पृष्ठभागाचा हे ती सांगते. त्यानंतर सायकलओएसएम या नकाशावर मधले गावरस्ते जोडा. कोमूट किंवा राइड विथ जीपीएसला मार्ग आखू द्या, पण त्यांचं पहिलं उत्तर जसंच्या तसं घेऊ नका. रोड सायकल निवडली की ही अ‍ॅप कधी हमरस्त्यावर नेतात, आणि साधी सायकल निवडली की कधी नांगरलेल्या शेतात.

यानंतर फार थोडे लोक वापरतात तो उपाय. प्रत्येक जिल्हा प्रशासन आपल्या रस्त्यांवरच्या गाड्या मोजतं, आणि बरेच जिल्हे तो नकाशा खुला ठेवतात. जिल्ह्याच्या नावापुढे फ्रेंचमध्ये ‘कोंताज रूतिए’ (comptage routier) टाकून शोधा. आकडा म्हणजे वर्षभरातली रोजची सरासरी, दोन्ही दिशा मिळून. ५०० च्या आत असेल तर डोळे झाकून घ्या. दिवसा दोन-एक मिनिटाला एखादी गाडी, तीही बहुधा गावातलीच. १,००० पर्यंत ठीक. ३,००० च्या वर गेला की मी दुसरा रस्ता शोधतो, मग भले दोन टेकड्या जास्त चढाव्या लागोत. छोट्या रस्त्यांची मोजणी बहुधा झालेलीच नसते. नकाशावर आकडा नसणं हीच पुष्कळदा चांगली बातमी.

शेवटी शंका असलेल्या तुकड्याचं स्ट्रीट व्ह्यू बघा. मधोमध पांढरी रेघ नाही आणि कडेला गवत वाढलेलं आहे, म्हणजे जमलं.

निघण्याआधी

महिना मे, जून किंवा सप्टेंबर निवडा. ऑगस्टात अर्धा फ्रान्स सुट्टीवर असतो. ब्रेवेनंतर जाणार असाल तर इलाज नाही, पण निदान खोल्या आधी धरून ठेवा. सप्टेंबरापासून हिवाळ्यापर्यंत शिकारीचा हंगाम असतो. रानाच्या कडेला ‘शास आं कूर’ अशी पाटी दिसली तर शिकार चालू आहे असं समजा, भडक रंगाचा कपडा घाला आणि कच्च्या पायवाटेला जाऊ नका.

मुक्कामासाठी ‘आक्योय व्हेलो’ ही खूण शोधा. अशी जागा सायकलमार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असते, सायकलला कुलूपबंद जागा मिळते, हवा भरायचा पंप आणि हत्यारं असतात. स्वस्तात हवं असेल तर गावांचे स्वतःचे तंबूतळ असतात.

नियम थोडे, पण दंड खरे. गाडी उजवीकडून चालते हे पहिल्या दिवशी तोंडपाठ म्हणा. सकाळी रिकाम्या रस्त्यावर बेकरीतून बाहेर पडताना हात डावीकडेच वळतो. गावात कुठलीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो गल्लीतून का येईना. कानात इअरफोन घालून सायकल चालवणं २०१५ पासून बंद आहे, एका कानातही चालत नाही, आणि दंड १३५ युरो. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं. १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, आपण मोठ्यांनी न सांगता घालावं. आणि भाड्याची सायकल घेतलीत तर आधी ब्रेक बघा. तिथे पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. सवयीने डावा मागचा समजून कचकन दाबला की उतारावर काय होतं ते मी कोपरावर लिहून आणलंय.

टीईआर या प्रादेशिक गाड्यांत सायकल उभी नेता येते, मात्र उन्हाळ्यात काही मार्गांवर आधी जागा राखावी लागते. टीजीव्ही या वेगवान गाड्यांत तशी सोय थोड्याच गाड्यांना आहे. बाकीत सायकल सुटी करून पिशवीत घालावी लागते. म्हणून घाई नसेल तर टीईआर.

एक पूर्ण उदाहरण: दक्षिण बरगंडी, तीन दिवस

फ्रान्समधली पहिली हिरवी वाट इथेच, १९९७ मध्ये, जिव्री ते क्ल्यूनी अशी ४४ किलोमीटर सुरू झाली. ती डांबरी आहे, दिजों–लियों रेल्वेमार्गावरची स्टेशनं जवळ आहेत, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या रस्त्यांचं जाळं आहे. फेरी शालों-स्यूर-सोन या गावापासून. छायाचित्रणाचा जनक निसेफोर निएप्स इथला. त्याच्या नावाचं संग्रहालय नदीकाठी आहे, पण सोमवार-मंगळवारी पोचलात तर उघडं आहे का ते आधी बघा.

पहिला दिवस शालों ते क्ल्यूनी, ५५ किलोमीटरच्या आसपास. जिव्रीपर्यंत दहाएक किलोमीटर जोडमार्ग, तिथून जुना रेल्वेमार्ग. जुनी स्टेशनं अजून उभी आहेत, कुठे खानावळ, कुठे सायकलींचं दुकान. ब्यूसीपर्यंत द्राक्षमळे, पुढे कुरणं आणि पांढऱ्या शारोले गाई. बाजूने डी ९८१ जातो. मधूनमधून त्यावरच्या गाड्यांचा आवाज येईल, आणि आकडा ९ ने सुरू होणारे रस्ते का टाळायचे हे कानाला कळेल.

पाण्याची युक्ती: दुकानं बारा ते दोन बंद, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर गाव झोपलेलंच. अशा वेळी दफनभूमी शोधा. फुलांना घालायला तिथे बहुधा नळ असतो. पाटीवर ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं, ‘नों पोताब्ल’ म्हणजे नव्हे. शाकाहारी मंडळींनी बेकरीतून सकाळीच पाव घ्यावा आणि बाजारातून इथलं छोटं, गोल शेळीचं चीज. सॅलड निरुपद्रवी दिसलं तरी त्यात लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, असतात. ऑर्डर देताना ‘सां लार्दों’ म्हणा.

सँ-जांगूच्या पुढे कोर्मातँला ठरवा. हिरव्या वाटेने सरळ गेलात तर तेझे लागतं, जिथे उन्हाळ्यात जगभरची हजारो तरुण मुलं ख्रिस्ती प्रार्थनेसाठी येतात आणि वाटेवर रांगेने चालतात. पायात जोर असेल तर कोर्मातँहून डी १४ ने शापेझचं अकराव्या शतकातलं चर्च बघून ब्रांसियोंच्या गडापर्यंत चढून परत या. डी १४ वर थोड्या गाड्या असतात, म्हणून शक्यतो सकाळी. पूर्ण फेरीतला माझा आवडता तुकडा हाच, आणि तो मोटारमुक्त नाही.

क्ल्यूनीत मुक्काम. ९१० मध्ये स्थापन झालेला मठ, रोममधलं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च. फ्रेंच क्रांतीनंतर लोकांनी ते दगडांसाठी पाडलं. आज फार थोडा भाग उरलाय. संध्याकाळी मोकळ्या जागेत उभं राहून चर्च कुठवर पसरलं होतं ते पावलांनी मोजून बघा.

दुसरा दिवस क्ल्यूनी ते माकों, सरळ गेल्यास पंचवीसेक किलोमीटर, वळसे घेऊन साठ. निघाल्यावर चढ आणि मग ब्वा क्लेरचा बोगदा, १.६ किलोमीटरचा. आत थंडी असते, जूनमध्येही जाकीट चढवा आणि दिवा लावा. हिवाळ्यात हा बोगदा वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात. तेव्हा वरच्या खिंडीतून डोंगर चढून जावं लागतं. बाहेर पडल्यावर बेर्झे-ल-शातेलचा किल्ला डोक्यावर दिसतो. इथून हिरवी वाट सोडा आणि व्हेर्जिसों, सोल्युत्रे, फ्युइसे या गावांच्या मळ्यांतल्या अरुंद रस्त्यांवर शिरा. चढ तीव्र आहेत, सिंहगडाच्या वळणांची सवय असेल त्याला जड जाणार नाहीत. सोल्युत्रेचा कडा ४९३ मीटर उंच. राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ दरवर्षी तो चढायचे. सप्टेंबरात द्राक्षतोडणी चालू असते. तेव्हा मळ्यातल्या रस्त्यावर अरुंद, उंच ट्रॅक्टर राजा असतो. बाजूला थांबा, बोंजूर म्हणा, जाऊ द्या.

तिसरा दिवस माकोंहून सोन नदीच्या काठाने तूर्न्यूमार्गे शालों, साधारण ६५ ते ७० किलोमीटर. ही व्वा ब्लो, लक्झेंबर्गच्या सीमेपासून लियोंपर्यंत येणारी निळी वाट. डी ९०६ पलीकडे गरजत असतो आणि तुम्ही पाण्याच्या काठाने बगळे बघत जाता. काही भाग डांबरी, काही खडीचा, काही गावरस्त्यांचा. तूर्न्यूला सँ-फिलिबेरच्या थंड दगडी चर्चमध्ये अर्धा तास बसा, दुपारचं ऊन टळतं.

या दिवसाच्या दोन अडचणी आहेत. सोन फार संथ आणि सपाट नदी आहे. हिवाळ्यात आणि वसंतात ती काठ ओलांडते आणि वाट आठवडाभर पाण्याखाली असू शकते, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. दुसरी अडचण वाऱ्याची. खोऱ्यात उत्तरेकडून बीझ नावाचा कोरडा वारा येतो आणि सुटला की दिवसेंदिवस थांबत नाही. उघड्या नदीकाठी सत्तर किलोमीटर तो छातीवर घ्यायचा म्हणजे शिक्षाच. हवामान बघा, बीझ असेल तर शालोंहून आधी नदीकाठाने माकोंला उतरा, वारा पाठीशी घेऊन, आणि परतीला क्ल्यूनीची वाट धरा. तिथे डोंगर आणि झाडं आडोसा देतात, आणि बोगद्यात तर वाऱ्याचा प्रश्नच येत नाही.